मायावी स्नेहापासून ज्येष्ठांचे रक्षण

उतारवयात माणसाला धनापेक्षाही बोलावयास माणूस हवे असते. दांडिया बाजार वा रावपुऱ्यातील आपल्या कित्येक घरांतील मुले नोकरीनिमित्त पुण्यास, बंगळुरास किंवा अमेरिकेस गेली आहेत. सहचरही निघून गेल्यावर मोबाईल हाच सोबती उरतो. सोबतीची ही ओढ स्वाभाविक आहे. तीत लाजण्याजोगे काही नाही. परंतु याच ओढीवर जगणारा ठगांचा धंदा हल्ली बोकाळला आहे. त्याची रीत सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

फेसबुकवर एके दिवशी मैत्रीची विनंती येते. छायाचित्र रुबाबदार; परिचय लंडनमधील विधुर डॉक्टराचा, जहाजावरील कप्तानाचा किंवा एखाद्या सुविद्य बाईंचा. छायाचित्र बहुधा दुसऱ्याच कोणाचे चोरलेले असते. लवकरच बोलणे व्हॉट्सॲपवर जाते. सकाळी नमस्कार, दुपारी जेवणाची चौकशी, रात्री मनातील दुःखे. आठवडेच्या आठवडे पैशाचा शब्दही निघत नाही. मात्र एक विनवणी वारंवार होते : ‘हे आपल्या दोघांतच राहू द्या; मुलांना समजणार नाही.’

पुढे दोन वाटा फुटतात. पहिली भेटवस्तूची. परदेशातून सोने आणि पौंड घातलेले पार्सल पाठविल्याचे कळते. मग दिल्ली वा मुंबईच्या विमानतळावरून ‘कस्टम्स अधिकारी’ फोन करून शुल्क मागतो. ते भरताच दंड, त्यानंतर दाखल्याची फी. न भरल्यास अटकेची धमकी असतेच. येथे एवढे ध्यानात ठेवावे, की सरकारी शुल्क कोणा खासगी व्यक्तीच्या खात्यात भरावयाचे नसते. दुसरी वाट गुंतवणुकीची. ‘स्नेही’ एक ॲप सुचवितो. त्यात नफ्याचे आकडे वाढताना दिसतात, आरंभी थोडी रक्कम परतही मिळते. मोठी रक्कम गुंतविल्यावर मात्र ती काढावयास कराच्या नावाने आणखी पैसे मागितले जातात. दाखविलेला नफा हा पडद्यावरील आकडाच असतो.

तात्पर्य, ज्याला प्रत्यक्ष भेटलो नाही त्याने कोणत्याही निमित्ताने पैसे मागितले, की तेथेच थांबावे व घरातील एकाला तरी सांगावे. केवळ व्हिडिओवर चेहरा दिसला म्हणून विश्वास ठेवू नये. हल्ली तोही बनावट करता येतो.

ठगाचे खरे शस्त्र गुप्तता हे आहे, आणि ते त्याच्या हाती पुष्कळदा आपणच देतो. ‘या वयात हे शोभते का?’ असे मुलाने एकदा म्हटले, की आई-वडील पुढचे सारे लपवितात. म्हणून मुलांनी व सुनांनी आधी ऐकावे, उपदेश मागाहून करावा. रोजची दहा मिनिटे आस्थेने बोलणारे माणूस घरचेच असेल, तर परक्याचे फावत नाही.

फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब लावू नये. ठग पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने हलवितात. तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा व बँकेसही कळवावे. वेळीच कळल्यास पुढील खात्यातील रक्कम रोखता येते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात नोंदवावी. संदेश, फोन क्रमांक, बँकेच्या पावत्या जपून ठेवाव्यात. लाजेपोटी काहीही पुसून टाकू नये. ‘फी द्या, पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाराही बहुधा त्याच जातीचा ठग असतो. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हा त्याचा आहे, फसलेल्याचा नव्हे.

एकट्या पडलेल्या ज्येष्ठांच्या घरी आठवड्यातून एकदा तरी डोकवावे, एवढा नेम संस्थेच्या प्रत्येक सभासदाने या महोत्सवी वर्षात केला, तर मायावी स्नेह्यांस आपल्या घरांत शिरावयास वाव उरणार नाही.