गॅल्व्हनाइज्ड पोलाद : जोडाची काळजी महत्त्वाची

सागरी हवेत लोखंडी ग्रिल व जिने लवकर गंजतात. त्यामुळे तेथे गॅल्व्हनाइज्ड पोलादाला पसंती दिली जाते. या प्रक्रियेत पोलाद सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडविले जाते. पुढे ओरखडा पडला, तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि पोलाद सुरक्षित राहते.

मात्र, तयार जीआय पाइप कापून वेल्डिंग केल्यास जोडापाशी हे कवच जळून जाते व गंज तेथूनच सुरू होतो. जस्ताच्या धुरामुळे कारागिराला थंडी वाजून तापही येऊ शकतो. म्हणूनच जोडालगतचे जस्त आधी घासून काढावे, हवा खेळती ठेवावी आणि वेल्डिंगनंतर तेथे जस्तयुक्त रंग लावावा.

शक्य असल्यास साध्या पोलादाचे काम पूर्ण करून मगच ते जस्तात बुडवून घेणे श्रेयस्कर. अशा वेळी पोकळ नळ्यांना छिद्रे ठेवणे अनिवार्य असते. अन्यथा आत कोंडलेल्या ओलाव्याची वाफ होऊन नळी फुटण्याचा धोका असतो.

पत्रा घेताना १२० किंवा २७५ या आकड्याची चौकशी करावी. दोन्ही बाजू मिळून प्रति चौरस मीटर किती ग्रॅम जस्त आहे, हे तो आकडा सांगतो. जस्त जितके अधिक, तितके पत्र्याचे आयुष्य मोठे.