आश्वासन नेमकं कुणाला?

'पावसाळ्यापूर्वी पूल पूर्ण होईल, असं आश्वासन मंत्र्यांनी दिलं.' असं वाक्य मराठी वर्तमानपत्रात रोज कुठेतरी असतं आणि त्यात कमी काहीच नसतं. तेच इंग्रजीत नेताना बातमीदार लिहून जातो, 'द मिनिस्टर अश्युअर्ड दॅट द ब्रिज वुड बी रेडी बिफोर द मॉन्सून.' शब्द बरोबर, काळ बरोबर, स्पेलिंग बरोबर. तरीही लंडनमधला वाचक 'अश्युअर्ड'पाशी थबकतो. त्याच्या कानाला तिथे एक माणूस हवा असतो. 'अश्युअर्ड द व्हिलेजर्स दॅट' म्हटलं की अडखळ संपते. गावकऱ्यांचा उल्लेख करायचा नसेल, तर वाक्याची बांधणीच बदलावी लागते: 'गेव्ह ॲन अश्युरन्स दॅट.'

'से' आणि 'टेल' यांतला फरक शाळेत शिकवतात. 'ही सेड दॅट' चालतं, 'ही टोल्ड दॅट' चालत नाही. 'ही टोल्ड मी दॅट' चालतं, 'ही सेड मी दॅट' चालत नाही. मुलं हे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, कारण नियमामागचं कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय हा फरक दोन क्रियापदांपुरता नाही. सांगणं, कळवणं, समजावणं, बजावणं, पटवणं या अर्थांच्या इंग्रजी क्रियापदांचा मोठा गोतावळा याच रेषेवर दुभंगलेला आहे.

एका बाजूला 'टेल', 'अश्युअर', 'इन्फॉर्म', 'रिमाइंड', 'कन्व्हिन्स'. यांना 'दॅट'च्या आधी ऐकणारा लागतो आणि तो क्रियापदाला खेटून, मध्ये 'टू' न घालता बसतो. दुसऱ्या बाजूला 'से', 'एक्स्प्लेन', 'सजेस्ट', 'मेन्शन', 'अनाउन्स'. यांना ऐकणारा नसला तरी चालतो; तो आणायचाच असेल तर 'टू'चा हात धरून आणावा लागतो. 'ही एक्स्प्लेन्ड टू मी दॅट', 'शी सजेस्टेड टू अस दॅट'. 'एक्स्प्लेन्ड मी' आणि 'सजेस्टेड मी' या मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या नेहमीच्या चुका.

हे असं का, याचा धागा शब्दांच्या जन्मकथांत सापडतो. 'अश्युअर' जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या पोटात लॅटिन 'सेक्युरुस' आहे, म्हणजे निश्चिंत, सुरक्षित. अश्युअर करणं म्हणजे मुळात समोरच्याला निश्चिंत करणं. निश्चिंत व्हायला कुणी समोर नसेल, तर क्रिया घडणार कुणावर? 'कन्व्हिन्स'मध्ये लॅटिन 'विन्केरे' आहे, जिंकणं. तिथे जिंकला जातो तो माणूस. 'इन्फॉर्म'चा मूळ अर्थ आकार देणं, आणि आकार मिळतो तो ऐकणाऱ्याच्या मनाला. आता 'एक्स्प्लेन' पाहा. त्यातला 'प्लानुस' म्हणजे सपाट. इथे सपाट होतो तो विषय, माणूस नव्हे. गुंतागुंतीची गोष्ट पसरून समोर ठेवायची. 'अनाउन्स'मध्ये निरोप्या आहे आणि तो वाहून नेतो ती बातमी. पहिल्या गटातल्या या क्रियापदांचा भार माणसावर पडतो, दुसऱ्या गटातल्यांचा मजकुरावर.

व्युत्पत्ती प्रत्येक क्रियापदाचा निकाल लावत नाही. 'टेल'चा जुना अर्थ मोजणं होता. बँकेतला 'टेलर' आजही नोटा मोजतो. त्या अर्थात ऐकणारा कुठेच नव्हता, पुढे वापराने तो आणून बसवला. 'अश्युअर'चाही एक जुना वापर आपल्या घरातच पडून आहे: विम्याच्या पॉलिसीवर 'सम अश्युअर्ड' छापलेलं असतं, तिथे निश्चित केलेली असते ती रक्कम.

मराठी माणसाची गफलत मात्र अज्ञानातून होत नाही, ती मराठीच्या स्वभावातून होते. विभक्तीचा तक्ता आठवून पाहा. द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते. चतुर्थीचेही स, ला, ते. 'तिने मला पाहिलं' आणि 'तिने मला सांगितलं' या दोन्ही वाक्यांत तोच 'मला'. मराठीचा एक 'ला' जे काम करतो, ते इंग्रजी कधी नुसत्या जागेने करते, कधी 'टू' लावून. त्यात 'त्यांनी मला समजावून सांगितलं' हे आपलं अस्सल वाक्य. ते शब्दाला शब्द ठेवून नेलं की 'एक्स्प्लेन्ड मी' होणारच. उलट 'आश्वासन दिलं', 'माहिती दिली' अशा जोडक्रियापदांत देण्याची वस्तू आधीच बसलेली असते, त्यामुळे ऐकणारा गळला तरी मराठी वाक्य उभं राहतं. 'अश्युअर्ड दॅट' आणि 'इन्फॉर्म्ड दॅट' यांचं मूळ इथे आहे.

याहून मोठा घोटाळा 'की'पाशी होतो. 'त्याने सांगितलं की मी उद्या येतो' या वाक्यात येणारा कोण, हे मराठी माणसाला विचारावं लागत नाही. 'की'नंतर मराठी बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवते. 'येतो म्हणून सांगितलं' हा त्याहून देशी घाट. तिथे 'म्हणून' हे 'म्हणणे'चंच रूप मागे उभं राहून अवतरणचिन्हाचं काम करतं. संस्कृतात 'इति', तेलुगूत 'अनि', कन्नडात 'अंत' हेच करतात. भारतीय भाषांचा हा सामाईक वारसा भाषाशास्त्रज्ञांनी आवर्जून नोंदवला आहे. इंग्रजी 'दॅट' मूळचं दर्शक सर्वनाम, 'ते' या अर्थाचं. त्याच्यापुढे आजचं इंग्रजी मूळ शब्द जपत नाही. पुरुष आणि काळ दोन्ही सांगणाऱ्याच्या बाजूने फिरवते. 'ही टोल्ड मी दॅट आय ॲम कमिंग टुमॉरो' असं लिहिलं, तर इंग्रजी वाचकाच्या लेखी उद्या येणारा लिहिणाराच ठरतो. इथे नुसतं व्याकरण बिघडत नाही, चुकीचा माणूस स्टेशनवर जातो.

पारख करायची एक सोपी रीत आहे: वाक्य कर्मणी करून पाहायचं. 'आय वॉज टोल्ड दॅट', 'वी वेअर इन्फॉर्म्ड दॅट', 'शी वॉज अश्युअर्ड दॅट' सरळ जातात, कारण ऐकणारा तिथे खरंखुरं कर्म आहे. 'आय वॉज एक्स्प्लेन्ड दॅट' मात्र अडतं. 'इट वॉज एक्स्प्लेन्ड टू मी दॅट' असं वळण घ्यावं लागतं. 'प्रॉमिस' आणि 'वॉर्न' दोन्हीकडे रमतात. 'वॉर्न्ड दॅट' आणि 'वॉर्न्ड फिशरमेन दॅट' दोन्ही शुद्ध. 'टेल'लाही एक मोकळी वाट आहे: ओळखणं, ताडणं या अर्थी 'आय कॅन टेल दॅट ही इज टायर्ड'. तिथे कुणी कुणाला काही सांगतच नाही.

परक्या शिकणाऱ्याची ही अडचण ज्याने मनावर घेतली, तो होता ए. एस. हॉर्नबी. 1924 साली जपानमध्ये शिकवायला गेलेल्या या इंग्रजाने क्रियापदांचे साचे वेगळे काढले आणि ते शब्दकोशात बसवले. तो कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला. पुढे ऑक्सफर्डने तो स्वीकारला. शिकणाऱ्यांसाठीचा ऑक्सफर्ड कोश म्हणून आपल्याकडे घरोघरी दिसतो, तो त्याचाच वंशज. क्रियापदापुढे माणूस हवा की नको, हे त्यात शब्दागणिक नोंदलेलं असतं. आपण अर्थ पाहतो आणि कोश मिटतो, ही खरी हळहळ.

'अश्युअर्ड दॅट'ला चूक म्हणावं का? भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांत ते इतकं रुळलं आहे की अभ्यासक त्याला भारतीय इंग्रजीची लकब म्हणतात, आणि इथल्या वाचकाचं त्यावाचून अडतही नाही. पण व्हिसाचा अर्ज, परदेशी विद्यापीठाला पत्र, शोधनिबंध, करारनामा यांचा वाचक वेगळा असतो. तिथे प्रमाण घाट पाळलेलाच बरा. पुढच्या वेळी 'दिस इज टू इन्फॉर्म दॅट' लिहायला हात जाईल, तेव्हा मध्ये 'यू' घाला.