वीजबिल वर्षानुवर्षं कमी आलं असेल तर

खोपोलीचं वीजगृह १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. म्हणजे खालापूर आणि कर्जत हे दोन्ही तालुके शंभर वर्षांहून जास्त काळ घाटावरच्या पाण्यातून मुंबईसाठी वीज काढत आले आहेत. याच तालुक्यांतल्या छोट्या कारखानदाराच्या, लॉजवाल्याच्या किंवा शेतघराच्या मालकाच्या हाती महावितरणचं असं पत्र पडू शकतं: तुमच्या बिलाची आकारणी चुकून कमी झाली होती, फरकाचे इतके लाख रुपये पंधरा दिवसांत भरा. माणूस गांगरतो. बिलं तर दर महिन्याला वेळेवर भरलेली असतात.

किराणा दुकानदाराने चुकून पन्नास रुपये कमी घेतले, तर गोष्ट दोन मिनिटांत मिटते. तो सांगतो, आपण देतो. विजेचं तसं नसतं. चूक तीन-चार वर्षं लपून राहते आणि तोवर रक्कम फुगते. म्हणून ती होते कशी, हे आधी समजून घेतलेलं बरं.

घरगुती मीटरमधून वीज थेट जाते आणि तो दाखवतो तितकेच युनिट लागतात. कारखान्याचा प्रवाह मोठा असतो, तो मीटरला थेट झेपत नाही. म्हणून मध्ये करंट ट्रान्सफॉर्मर बसवतात, बोलीभाषेत सीटी. सीटीवर १००/५ असं लिहिलेलं असेल, तर १०० अँपिअरचा प्रवाह मीटरपर्यंत ५ अँपिअर होऊन पोचतो. मीटरने नोंदलेला आकडा मग बिलात २० ने गुणावा लागतो. यालाच गुणक म्हणतात. आता समजा, कारखान्याने मंजूर भार वाढवून घेतला आणि सीटी बदलून २००/५ बसवले. गुणक ४० व्हायला हवा, पण कार्यालयातल्या संगणकात तो २० च राहिला. मीटरवरच्या दोन रीडिंगमध्ये ६०० चा फरक असेल, तर बिल १२,००० युनिटचं निघतं. वापर झालेला असतो २४,००० युनिटचा. मीटर चोख, सीटी चोख, कुणाची लबाडी नाही, आणि तरी दर महिन्याला निम्मी वीज हिशेबाबाहेर राहते.

दुसरा प्रकार एका फेजचा सीटी जळण्याचा. तीनपैकी एका फेजची नोंद थांबते, आणि भार सारखा वाटलेला असेल तर मीटर दोन-तृतीयांशच वीज मोजतो. तिसरा प्रकार कर्जतकडच्या बंद बंगल्यांचा: फाटकाला कुलूप, रीडिंग नाही, म्हणून सरासरीचं बिल. चौथा वर्गवारीचा, म्हणजे जोडणी व्यापारी असायला हवी होती आणि आकारणी घरगुती दराने झाली.

बिल कमी येतंय हे आपल्या लक्षात आलं, तर गप्प राहू नये असं माझं ठाम मत आहे. एक तर वापरलेल्या विजेचे पैसे आपण देणं लागतो; ते आपण दिले नाहीत तर तूट शेवटी दरवाढीतून बाकीच्या ग्राहकांवर येते. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. कारखान्याच्या बिलावरचा गुणक आणि सीटीवरचं गुणोत्तर जुळवून पाहा. घरगुती बिलावर मागचं आणि चालू रीडिंग एकच छापलेलं आहे का, मीटरची स्थिती काय लिहिली आहे, तेही पाहा. काही खटकलं तर उपविभाग कार्यालयाला साधं पत्र द्या, सोबत मीटरचा फोटो जोडा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. पुढे कुणी चोरीचा संशय घेतला, तर या शिक्क्याची तारीख तुमच्या बाजूने बोलते. फरकाची रक्कम अंदाजाने बाजूला टाकत राहिलात, तर मागणी आली तरी धंदा डगमगणार नाही.

मागणीचं पत्र आलं की आधी कलम वाचा. विद्युत कायदा २००३ चं कलम १२६ म्हणजे अनधिकृत वापर: तिथे आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर कधीपासून चालू आहे हे ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरतात. घरगुती जोडणीवर बंगला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने देणारे यात सापडू शकतात, कारण वापराचा हेतू त्यांनीच बदललेला असतो. तात्पुरत्या आकारणीवर लेखी हरकत घेता येते. अंतिम आदेशावर कलम १२७ खाली तीस दिवसांत अपील करता येतं, पण आधी निम्मी रक्कम भरावी लागते. कलम १३५ चोरीचं आहे. त्याचं नाव आलं तर थेट वकील गाठा. कंपनीच्या हातून झालेली चूक या दोन्ही कलमांत बसत नाही. तसं पत्र आलंच, तर पहिला आक्षेप तोच घ्या.

चूक कंपनीची असेल, तर प्रश्न उरतो किती मागच्या काळाचे पैसे मागता येतात याचा. कलम ५६(२) म्हणतं की रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही. अपवाद, ती थकबाकी म्हणून सतत दाखवलेली असेल तर. पण कधी मागितलीच नसलेली रक्कम देय होते केव्हा? यावरच वर्षानुवर्षं वाद चालला. मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १२ मार्च २०१९ रोजी सांगितलं की पहिल्या मागणीच्या तारखेपासून मागे दोन वर्षांपलीकडची आकारणी मागता येणार नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात म्हटलं की दोन वर्षांनंतर चूक सापडली तर पुरवठा तोडता येत नाही, पण कंपनीला वसुलीचे इतर कायदेशीर मार्ग मोकळे राहतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये हरियाणातल्या सूत कारखान्याचं प्रकरण आलं. तिथे गुणक १० ऐवजी ५ धरला गेला होता आणि मागणी होती सुमारे १ कोटी ३५ लाखांची. सुटलेली आकारणी मागणं म्हणजे सेवेतली त्रुटी नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. तेव्हा 'चूक तुमची, मी काही देणार नाही' ही भूमिका टिकत नाही. टिकते ती चोवीस महिन्यांची मर्यादा, आणि महाराष्ट्रात भांडायचं ते तिच्या आधारावर.

मीटरच सदोष असेल, तर मर्यादा आणखी आखडते. राज्य वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत सदोष मीटरच्या बिलाची दुरुस्ती जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती ठेवली आहे. म्हणून जळालेला सीटी हा मीटरयंत्रणेचा दोष की नुसती सुटलेली आकारणी, यावर मोठी ओढाताण होते. मीटरमधून काढलेली नोंद मागून घ्या. फेज कोणत्या तारखेला बंद पडला हे तीत दिसतं. त्या तारखेच्या आधीचा फरक मागितला असेल, तर तो तिथल्या तिथे खोडता येतो.

वर्गवारीच्या चुकीबाबत नियम ग्राहकाच्या बाजूने आहे. आयोगाने ११ फेब्रुवारी २००३ च्या आदेशात म्हटलं की वर्गवारी बदलली तर वसुली पुढच्या काळासाठीच, मागच्या काळाची नाही, मग चूक लेखापरीक्षकाने दाखवलेली असली तरीही. विद्युत अपिलीय न्यायाधिकरणानेही ऑगस्ट २०१४ मध्ये, केरळच्या एका प्रकरणात, चूक लक्षात आल्याच्या तारखेपासूनच फरक घ्यावा असं सांगितलं. शिवाय घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिना ३०० व वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असेल, तर दर घरगुतीच लागतो. नेरळमध्ये घरातच शिलाईचं मशीन चालवणाऱ्या बाईंनी व्यापारी फरक मुकाट्याने भरण्याचं कारण नाही.

बंद बंगल्याच्या साठलेल्या युनिटांचा हिशेब मात्र पेन घेऊन स्वतः तपासा. अठरा महिन्यांत १,८०० युनिट जळले असतील, तर ते महिना शंभरप्रमाणे वाटून प्रत्येक महिन्याला खालच्या टप्प्याचा दर लागला पाहिजे. सगळे एकाच महिन्यात टाकले, तर बहुतेक युनिट ५०० च्या वरच्या, सर्वांत महाग टप्प्यात जातात.

पुरवठा तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस बंधनकारक आहे. वाद चालू असताना मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती 'हरकत राखून' भरली, तर जोडणी तोडता येत नाही. व्याज आणि विलंब आकार माफ करून हप्ते मागा. चूक ग्राहकाची नसताना ही मागणी रास्तच आहे. उपविभागात निकाल लागला नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे अर्ज पोचला पाहिजे. मंचाचा आदेश पटला नाही, तर साठ दिवसांत मुंबईच्या विद्युत लोकपालांकडे जाता येतं. अर्जासोबत मागणीपत्र, चोवीस महिन्यांची बिलं, सीटी बदलल्याचा अहवाल आणि आवकचा शिक्का असलेलं ते पहिलं पत्र जोडा.