कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्यातील मोड आणि मेनू

कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्यातील मोड म्हणजे छायाचित्र घेताना कोणते निर्णय कॅमेऱ्याने घ्यावेत आणि कोणते छायाचित्रकाराने, याची आधीच ठरवून दिलेली विभागणी होय. मेनू म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारी पर्यायांची यादी. मोडने वापरकर्त्याकडे सोपवलेले निर्णय प्रामुख्याने तिच्यातून घेतले जातात. न बदलता येणारे भिंग, छोटा संवेदक आणि मागील बाजूचा पडदा ही कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची मुख्य लक्षणे आहेत. निरनिराळ्या उत्पादकांच्या मेनूंची मांडणी वेगळी असली, तरी त्यामागील तत्त्वे समान आहेत. त्यामुळे एक कॅमेरा नीट समजला की दुसरा हाताळणे अवघड जात नाही.

पार्श्वभूमी

स्वयंचलित मोडची कल्पना डिजिटल कॅमेऱ्यापेक्षा जुनी आहे. फिल्मच्या काळात १९७७ साली आलेल्या मिनोल्टा कंपनीच्या एक्सडी मालिकेतील कॅमेऱ्यात ॲपर्चर-प्राधान्य व शटर-प्राधान्य हे दोन्ही मोड उपलब्ध होते. १९७८ सालच्या कॅनन ए-१ या कॅमेऱ्यात ॲपर्चर आणि शटरवेग हे दोन्ही स्वतः ठरवणारा प्रोग्रॅम मोडही होता. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी तयार केलेल्या प्रायोगिक डिजिटल कॅमेऱ्याला एक चित्र कॅसेटवर नोंदवण्यास २३ सेकंद लागत. १९९५ मध्ये बाजारात आलेल्या कॅसिओ क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याच्या मागे द्रवस्फटिक पडदा होता. घेतलेले छायाचित्र तेथेच पाहण्याची सोय अशा पडद्यामुळे सामान्य ग्राहकाला मिळाली. पुढे याच पडद्यावर मेनू स्थिरावला आणि पूर्वी स्वतंत्र कळा व चकत्यांनी होणारी अनेक कामे त्यात सामावली गेली.

उजळपणाचे तीन घटक

मोड समजून घेण्यासाठी तीन घटक माहीत असणे आवश्यक आहे.

ॲपर्चर म्हणजे भिंगातील प्रकाशमार्गाचे छिद्र. ते एफ/२.८, एफ/४, एफ/५.६, एफ/८ अशा आकड्यांनी दर्शवतात. आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. या क्रमात पुढे जाताना प्रत्येक पायरीवर आत येणारा प्रकाश निम्मा होतो.

शटरवेग म्हणजे संवेदकावर प्रकाश पडू देण्याचा कालावधी. १/५०० सेकंदात धावणारा खेळाडू स्थिर दिसू शकतो. १/१५ सेकंदात चालणारा माणूसही पुसट येतो. संवेदकावर किती प्रकाश पडावा, म्हणजेच उद्भासन किती असावे, हे दृश्याच्या प्रकाशमानाखेरीज ॲपर्चर व शटरवेग या दोहोंवर ठरते.

आयएसओ हा आकडा कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता दर्शवतो. तो दुप्पट केला की निम्म्या प्रकाशात तेवढेच उजळ चित्र मिळते. मात्र चित्रात रवाळपणा, म्हणजेच नॉइज, अधिक दिसू लागतो. अनेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतील संवेदक सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटर आकाराचा असतो. ३६ × २४ मिलिमीटरच्या पूर्ण-चौकट संवेदकाच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ सुमारे तिसाव्या भागाएवढे भरते. म्हणून कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात आयएसओ वाढवण्याची किंमत लवकर मोजावी लागते.

मोडची चकती

अनेक कॅमेऱ्यांच्या वरच्या बाजूस मोड निवडण्याची फिरती चकती असते; काहींमध्ये हीच निवड पडद्यावर करावी लागते.

ऑटो : बहुतेक सर्व निर्णय कॅमेरा घेतो. या मोडमध्ये मेनूतील अनेक पर्याय पुसट दिसतात किंवा दिसतच नाहीत. हा बिघाड नसून मोडचाच परिणाम असतो.

पी अथवा प्रोग्रॅम : ॲपर्चर व शटरवेग कॅमेरा निवडतो, परंतु आयएसओ, फ्लॅश, श्वेत संतुलन व उद्भासन-भरपाई वापरकर्त्याच्या हाती राहते. ऑटोमधून बाहेर पडणाऱ्या नवशिक्यासाठी हा सर्वांत सोयीचा मोड आहे.

ए अथवा एव्ही : ॲपर्चर वापरकर्ता ठरवतो आणि त्यास अनुरूप शटरवेग कॅमेरा निवडतो.

एस अथवा टीव्ही : शटरवेग वापरकर्ता ठरवतो आणि ॲपर्चर कॅमेरा निवडतो. काही कॅमेऱ्यांवरील ‘टीव्ही’ या अक्षरांचा दूरचित्रवाणीशी संबंध नाही. ती ‘टाइम व्हॅल्यू’ या शब्दांची आद्याक्षरे आहेत.

एम अथवा मॅन्युअल : दोन्ही मूल्ये वापरकर्ता ठरवतो. पडद्यावरील मापक चित्र उजळ येईल की काळपट, याची सूचना देतो.

अर्धस्वयंचलित मोडमध्ये योग्य उद्भासन शक्य नसेल, तर अनेक कॅमेऱ्यांत संबंधित आकडा लाल होतो किंवा लुकलुकतो. हा इशारा दुर्लक्षित राहिल्यास चित्र काळे अथवा पांढरेफटक येते. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत ए, एस व एम हे मोड नसतात. तेथे प्रोग्रॅम आणि दृश्य मोड यांवरच काम भागवावे लागते.

दृश्य मोड

व्यक्तिचित्र, निसर्गदृश्य, खेळ, रात्र, समुद्रकिनारा, बर्फ, आतषबाजी अशी नावे असलेल्या मोडना दृश्य मोड म्हणतात. दृश्य मोड हा मुळात मेनूतील अनेक पर्यायांचा आधीच बांधून ठेवलेला संच असतो. खेळ मोड शटरवेग वाढवतो. निसर्गदृश्य मोड दूरच्या अंतरावर केंद्रीकरण करतो. बर्फ व किनारा मोड चित्र थोडे अधिक उजळ ठेवतात. सूर्यास्त मोड आकाशातील तांबूस छटा दुरुस्त न करता तशीच राखतो. रात्र-व्यक्तिचित्र मोडमध्ये फ्लॅश समोरील व्यक्तीला उजळतो आणि शटर अधिक काळ उघडे राहून पार्श्वभूमीतील दिवेही नोंदवते. आतषबाजी मोडमध्ये शटर काही सेकंद उघडे राहते. म्हणून कॅमेरा तिपाईवर किंवा स्थिर आधारावर ठेवणे गरजेचे असते.

संचात काय आहे हे ठाऊक असल्यास मोडच्या नावापुरते मर्यादित राहण्याचे कारण नाही. उन्हातील पांढऱ्याशुभ्र भिंतीसाठी बर्फ मोडही उपयोगी पडतो. मात्र भौतिक मर्यादा मोड ओलांडू शकत नाही. छोट्या संवेदकामुळे कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात जवळचे व दूरचे एकाच वेळी स्पष्ट दिसते. त्यामुळे व्यक्तिचित्र मोड निवडला, तरी पार्श्वभूमी मोठ्या कॅमेऱ्याइतकी धूसर होत नाही.

छायाचित्रणाचा मेनू

उद्भासन-भरपाई : कॅमेऱ्याचा प्रकाशमापक दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे पांढरी भिंत करडी आणि काळे वस्त्र फिकट येते. अधिक-उणे चिन्हाच्या पर्यायातून पांढऱ्या विषयासाठी अधिक बाजूस आणि काळ्या विषयासाठी उणे बाजूस मूल्य नेल्यास हा दोष दूर होतो. हे मूल्य काम झाल्यावर शून्यावर आणावे लागते. अन्यथा पुढील चित्रांवरही त्याचा परिणाम होतो.

श्वेत संतुलन : प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. तंतूच्या दिव्याचा प्रकाश सुमारे ३,००० केल्विन, तर दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५०० केल्विन असतो. पिवळ्या प्रकाशातील पांढरा कागद पांढराच दिसावा, यासाठी दिवा, ऊन, ढग इत्यादी चिन्हांतून योग्य पर्याय निवडतात.

फ्लॅश : विजेच्या चिन्हाने दर्शवलेल्या या पर्यायात स्वयंचलित, सक्तीचा, बंद आणि लालडोळा-निवारण असे प्रकार असतात. अंगभूत फ्लॅशचा पल्ला साधारणतः काही मीटरच असतो. उलट भर उन्हात टोपीची सावली चेहऱ्यावर पडली असता सक्तीचा फ्लॅश उपयुक्त ठरतो.

केंद्रीकरण : फुलाचे चिन्ह जवळच्या वस्तूंसाठी, तर डोंगराचे चिन्ह दूरच्या दृश्यांसाठी असते. जवळचा मोड चुकून सुरू राहिल्यास दूरच्या वस्तू अस्पष्ट येऊ शकतात. शटरची कळ अर्धी दाबल्यावर कॅमेरा केंद्रीकरण करून ते धरून ठेवतो, आणि पूर्ण दाबल्यावर चित्र घेतो. कळ एका झटक्यात दाबणे हे अस्पष्ट चित्रांचे एक प्रमुख कारण आहे.

डिजिटल झूम : प्रकाशीय झूममध्ये भिंगातील घटक सरकून प्रतिमा मोठी होते. डिजिटल झूममध्ये केवळ मधला भाग कापून फुगवला जातो. हे काम नंतर संगणकावरही करता येत असल्याने अनेक छायाचित्रकार हा पर्याय मेनूतून बंद ठेवतात.

उदाहरण : रंगमंचावरील कार्यक्रम

शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंचावरील नृत्य टिपताना ऑटो मोड अनेकदा निराशा करतो. कॅमेरा फ्लॅश पेटवतो. त्याचा प्रकाश पुढच्या रांगेतील प्रेक्षकांच्या डोक्यांवर पडतो आणि रंगमंचापर्यंत पोहोचत नाही. फ्लॅश बंद केल्यावर आयएसओ १०० व एफ/२.८ असताना प्रकाशमापक १/१५ सेकंद दाखवतो, असे मानले तर नर्तकांच्या हालचाली पुसट येतील. आयएसओ १०० वरून ८०० केल्यास संवेदनशीलता आठपट होते आणि शटरवेग सुमारे १/१२५ सेकंदापर्यंत नेता येतो.

येथे झूमचाही विचार करावा लागतो. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत झूम वाढवताच भिंगाचे कमाल छिद्र लहान होते. मागच्या रांगेतून पूर्ण झूम करताना ते एफ/५.६ झाले, तर प्रकाश एकचतुर्थांश उरतो आणि शटरवेग पुन्हा सुमारे १/३० सेकंदावर येतो. म्हणून अशा प्रसंगी मेनूतील कोणत्याही पर्यायापेक्षा पुढे जाऊन, झूम न करता चित्र घेणे अधिक परिणामकारक ठरते.

प्रतिमेचा प्रकार

बहुसंख्य कॉम्पॅक्ट कॅमेरे छायाचित्र जेपेग स्वरूपात साठवतात. या स्वरूपात प्रत्येक रंगासाठी २५६ पातळ्या असतात, आणि श्वेत संतुलन, तीक्ष्णता व रंगछटा यांविषयीची निवड चित्रातच मुरलेली असते. सोनी आरएक्स१०० (२०१२) यांसारख्या प्रगत कॅमेऱ्यांत रॉ स्वरूपही मिळते. त्यात संवेदकाची मूळ माहिती राखली जात असल्याने श्वेत संतुलन नंतरही मुक्तपणे बदलता येते. परंतु फाइल मोठी होते आणि ती संगणकावर संस्कारित करावी लागते. जेपेगची प्रतिमा लहान आकारात साठवल्यास कार्डावर अधिक चित्रे मावतात, पण न नोंदवलेला तपशील नंतर परत मिळवता येत नाही.

सेटअप मेनू

पान्याच्या किंवा तत्सम चिन्हाखालील सेटअप मेनूत भाषा, दिनांक, आवाज, पडद्याचा उजळपणा, कार्डाचे फॉरमॅट इत्यादी पर्याय असतात. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांच्या मेनूत हिंदी, बंगाली, तमिळ यांबरोबर मराठी भाषाही उपलब्ध आहे.

दिनांक व वेळ : चित्र घेण्याची वेळ एक्झिफ या मानकानुसार फाइलमध्ये नोंदवली जाते. या मानकाची पहिली आवृत्ती १९९५ मध्ये जपानमध्ये तयार झाली. वेळ कॅमेऱ्याच्या घड्याळावरून घेतली जाते. त्यामुळे मुख्य बॅटरी दीर्घकाळ काढून ठेवल्याने घड्याळ मूळ स्थितीत गेल्यास पुढील सर्व चित्रांवर चुकीचा दिनांक येतो. कालविभागाची नोंद करण्याची सोय या मानकात २०१६ मध्ये आली. जुन्या कॅमेऱ्यांत परदेश प्रवासापूर्वी घड्याळ तपासणे म्हणूनच आवश्यक असते. ‘दिनांक-मुद्रा’ हा पर्याय यापेक्षा वेगळा आहे. तो दिनांक थेट चित्रावर छापतो आणि तो नंतर सहज काढता येत नाही.

फॉरमॅट : कार्ड कॅमेऱ्यासाठी नव्याने तयार करण्याची ही क्रिया आहे. दृश्य-मेनूत कुलूप किंवा किल्लीच्या चिन्हाने संरक्षित केलेली चित्रे ‘सर्व पुसा’ या आदेशापासून वाचतात. फॉरमॅटपासून मात्र ती वाचत नाहीत. चुकून फॉरमॅट झाल्यास त्या कार्डावर नवे चित्र घेऊ नये. जुनी माहिती नव्या माहितीने झाकली जाईपर्यंत ती विशेष आज्ञावलींच्या साहाय्याने परत मिळण्याची शक्यता असते.

पूर्ववत करणे : मेनूत झालेला गोंधळ निस्तरण्यासाठी ‘रीसेट’ हा पर्याय असतो. त्याने मांडणी मूळ स्थितीत येते. कार्डावरील चित्रे पुसली जात नाहीत.

सद्यःस्थिती

जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेऱ्यांची पाठवणी झाली आणि त्यांत कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा वाटा मोठा होता. स्मार्टफोनच्या प्रसारानंतर ही संख्या झपाट्याने घटली. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातील संकल्पना मात्र टिकून आहेत. अनेक फोनमधील ‘प्रो’ मोडमध्ये आयएसओ, शटरवेग, श्वेत संतुलन आणि उद्भासन-भरपाई हेच पर्याय आढळतात, आणि ‘नाइट’ मोडमागेही अधिक काळ प्रकाश गोळा करण्याचे तेच तत्त्व आहे.