मुलांच्या कॅन्सरचं नेमकं नाव का कळायला हवं?

पवनीसारख्या गावात लेकराच्या पोटात गाठ निघाली की घरात एकच बोलणं सुरू होतं, "पोटाचा कॅन्सर म्हणताहेत, नागपूरला न्या." पण मुलांच्या बाबतीत 'पोटाचा कॅन्सर' हे आजाराचं नाव होऊच शकत नाही. ती गाठ किडनीतला विल्म्स ट्यूमर असू शकते, मज्जातंतूंच्या कच्च्या पेशींपासून झालेला न्यूरोब्लास्टोमा असू शकते किंवा लिम्फोमाही असू शकते. जागा एकच, पण तिन्हींची औषधं वेगळी आणि बरं होण्याची शक्यताही वेगळी.

मोठ्यांचा कॅन्सर आपण अवयवावरून ओळखतो. तोंडाचा, स्तनाचा, फुफ्फुसाचा. मुलांमध्ये ही पद्धत चालत नाही. न्यूरोब्लास्टोमा पोटात होतो, छातीत होतो, मानेतही होतो. जागा पाहून नोंद केली तर एकच आजार तीन रकान्यांत विखुरतो. म्हणून मुलांच्या कॅन्सरची विभागणी आधी पेशींच्या प्रकारावरून आणि मग जागेवरून केली जाते. 1996 मध्ये याचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आलं आणि 2005 मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. त्यात 12 मुख्य गट आहेत. रक्ताचा कॅन्सर, लिम्फोमा, मेंदूच्या गाठी, डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा, किडनी, यकृत, हाडं वगैरे.

आजार किती पसरला आहे, हे सांगण्याची पद्धतही आता ठरली आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोरांटो नियमांत दोन पातळ्या आहेत. तपासणीच्या सोयी कमी असतील तिथे सोपी, जास्त असतील तिथे सविस्तर.

याचा सामान्य माणसाला फायदा काय? नाव सारखं असलं तरच मोजणी सारखी होते आणि कुठे किती मुलं बरी होतात, याची तुलना करता येते. श्रीमंत देशांत 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, अनेक गरीब देशांत 30 टक्केसुद्धा होत नाहीत. 2030 पर्यंत जगात किमान 60 टक्के मुलं वाचावीत, असं उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ठेवलं.

महाराष्ट्रात कॅन्सरची नोंदणी मुंबईत 1963 पासून, नागपुरात 1980 पासून आणि ग्रामीण भागासाठी बार्शीत 1987 पासून होते. अशी नोंदणी त्या-त्या भागातल्या रहिवाशांपुरती असते. पवनीचं मूल नागपुरात उपचार घेत असेल तर ते रुग्णालयाच्या नोंदीत येतं, पण नागपूर शहराच्या आकड्यात येत नाही. म्हणून दवाखान्यात नातेवाइकाचा नव्हे, आपला खरा पत्ता लिहा.

पालकांनी एवढं तरी करावं. गाठ, न उतरणारा ताप, अंगावर आपोआप उठणारे निळे डाग, बुबुळात पांढरी चमक दिसली तर नजर उतरवत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. गाठीचा तुकडा तपासला असेल तर त्याचा रिपोर्ट जपून ठेवा, दुसरीकडे जाताना सोबत न्या. आणि डॉक्टरांना न लाजता विचारा, "साहेब, आजाराचं पूर्ण नाव काय? कितवी स्टेज?" ते कागदावर लिहून घ्या. योग्य उपचाराची सुरुवात तिथूनच होते.