घटस्फोट झाला, पण कागद कुठंय? कोर्टातली जुनी नोंद अशी शोधा

सोलापूर : नवरा-बायकोचं भांडण कोर्टात मिटून दहा-बारा वर्षं होतात. वकिलांनी दिलेली झेरॉक्स घर बदलताना हरवते. मग एक दिवस रेशनकार्डातून नाव वेगळं काढायचं असतं, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायचा असतो, नाहीतर दुसरं स्थळ आलेलं असतं. समोरचा माणूस एकच वाक्य बोलतो, "कोर्टाचा कागद आणा." लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीतही घटस्फोटित महिलांकडं हाच कागद मागितला गेला आणि गावागावांत ट्रंका उघडल्या गेल्या.

समजा, शुक्रवार पेठेत भावाकडं राहणारी एक ताई आहे. सासर अक्कलकोट तालुक्यातलं. केस कुठल्या कोर्टात होती ते आठवत नाही, वकील आता हयात नाहीत, नंबर तर कधी पाहिलेलाच नाही. तिला कागद मिळेल का? कोर्टात निकाल झाला असेल तर बहुतेक मिळेल. फक्त शोधायचा कुठं, हे आधी ठरवावं लागतं.

सगळ्यात मोठा घोळ इथंच होतो. 'फॅमिली कोर्ट' म्हटलं की सगळ्या केसेस तिथंच असणार असं लोकांना वाटतं. कुटुंब न्यायालयाचा कायदा १९८४ चा आहे. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत असं कोर्ट असलंच पाहिजे आणि बाकी ठिकाणी सरकारला गरज वाटेल तिथं ते उघडता येतं, असं हा कायदा सांगतो. सोलापुरात कौटुंबिक न्यायालय आहे. पण अशा कोर्टाची हद्द सरकारी अधिसूचनेनं ठरलेली असते. त्या हद्दीबाहेरच्या तालुक्यांतले घटस्फोटाचे, नांदायला बोलावण्याचे दावे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडं चालतात. पोटगीचा अर्ज पूर्वी फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली असायचा, १ जुलै २०२४ पासून तो नव्या संहितेच्या कलम १४४ खाली येतो. गावाकडं हा अर्ज आणि घरगुती हिंसाचाराची केस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं असते. म्हणजे एकाच जोडप्याचे कागद दोन-तीन कोर्टांत विखुरलेले असू शकतात. एका ठिकाणी 'नाही' म्हटलं म्हणून घरी परतू नका.

शिवाय हिंदू विवाह कायद्यानुसार दावा कुठं टाकायचा याला पर्याय आहेत. लग्न जिथं लागलं, दोघं शेवटचं एकत्र जिथं राहिले, समोरचा पक्षकार जिथं राहतो, ती ठिकाणं चालतात. अर्ज बायकोचा असेल तर ती राहते ते ठिकाणही चालतं, ही सवलत २००३ साली आली. सोलापूर जिल्हा सीमेवरचा. लग्न इंडीत किंवा कलबुर्गीत लागलं असेल तर फाईल कर्नाटकात निघू शकते. तुळजापूर, उमरग्याचं सासर असेल तर धाराशिव जिल्ह्यात बघावं लागेल. लग्न कुठं लागलं, नोटीस कुठल्या पत्त्यावर आली होती, तारखेला कुठल्या गावाला जायचात, एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तरी अर्धं काम होतं. एसटीची फेरी नंतर.

आता मोबाईल काढा. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे सरकारी ॲप फुकट आहे, वेबसाईटही आहे. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर नंबर असतो. तो हाताशी असला तर केस लगेच उघडते. नसला तर राज्य, जिल्हा, कोर्टाचं संकुल निवडून पक्षकाराच्या नावानं शोधा. सोलापूर जिल्ह्याच्या यादीत कौटुंबिक न्यायालय दिसलं नाही तर राज्यातल्या फॅमिली कोर्टांची वेगळी नोंद आहे का ते बघा.

नावानं शोधताना तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं म्हणजे 'पेंडिंग' हा पर्याय निवडलेलाच राहतो. तुमची केस संपलेली आहे, म्हणून 'डिस्पोज्ड' म्हणजे निकाली, किंवा दोन्ही असा पर्याय घ्या. दुसरं, वर्ष. केस दाखल झाली ते वर्ष टाकायचं असतं, निकालाचं नाही. आठवत नसेल तर मागं-पुढं दोन-तीन वर्षं टाकून बघा. तिसरं, स्पेलिंग. आपलं नाव क्लार्कनं इंग्रजीत कसं लिहिलं असेल याचा नेम नाही. सविताच्या नावात कुणी व्ही लिहितो, कुणी डब्ल्यू. पूर्ण नाव न टाकता पहिली तीन-चार अक्षरंच टाका. आणि आपली शुक्रवार पेठेतली ताई माहेरचं आडनाव टाकून शोधत बसली तर काहीच निघणार नाही, कारण दाव्यात तिचं नाव सासरच्या आडनावानं असणार. तरी नाही निघालं तर नवऱ्याच्या नावानं शोधावं.

केस सापडली की तिचा प्रकार बघा. वरिष्ठ स्तर कोर्टात हिंदू विवाह अर्ज अशी नोंद असते. कौटुंबिक न्यायालयात अक्षरं असतात : 'ए' म्हणजे घटस्फोटासारखा विवाहाचा दावा, 'एफ' म्हणजे दोघांच्या संमतीचा घटस्फोट, 'डी' मुलांच्या ताब्याचा, 'ई' पोटगीचा. केस नंबर, कोर्टाचं नाव आणि निकालाची तारीख वहीत उतरवून घ्या. निकालपत्र मोबाईलवर उघडलं नाही, नावं झाकलेली दिसली, तर घाबरू नका. विवाहाचे खटले बंद दाराआड चालावेत आणि त्यातला मजकूर छापू नये, असं हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ सांगतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तुमचं घरचं वाचू नये म्हणूनच ही सोय आहे. मोबाईलवरची प्रिंट नेली तरी ती तहसीलमध्ये चालेल असं धरू नका. तिथं सही-शिक्क्याची नक्कल लागते.

ती मिळते त्या कोर्टाच्या नक्कल विभागात. केस नंबर, दोघांची नावं, निकालाची तारीख आणि कोणता कागद हवा हे लिहून अर्ज करायचा, कोर्ट फी लावायची. 'निकालपत्र' आणि 'हुकूमनामा', म्हणजे डिक्री, असे दोन्ही शब्द अर्जात लिहा, नाहीतर एकच हातात पडतो आणि पुन्हा चक्कर. जुनी फाईल रेकॉर्ड रूममधून काढावी लागते, त्यामुळं त्याच दिवशी मिळेलच असं नाही. आधारकार्ड जवळ ठेवा. तुम्ही त्या केसमध्ये पक्षकार आहात हे दाखवावं लागतं. तिऱ्हाईताला अशी नक्कल सहजी मिळत नाही, कोर्टाची परवानगी लागते. माहिती अधिकारातही जमत नाही. कोर्टाची नक्कल कोर्टाच्याच नियमानं घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. घटस्फोटाच्या डिक्रीची एक प्रत दोन्ही पक्षकारांना कोर्टानं मोफत द्यायची असते, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्येच तसं लिहिलंय. घरगुती हिंसाचाराच्या केसमधल्या आदेशाची प्रतही मोफत असते. पोटगीचा आदेश ज्याच्या बाजूनं झाला त्यालाही प्रत विनामूल्य मिळते. निकालाच्या वेळी ती घेतली नसेल तर आधी तेवढं विचारा, मग पैसे भरा. कोर्टाच्या आवारात "पाच हजारांत उद्या आणून देतो" म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

शोधूनही काहीच निघालं नाही तर? मग घरात जो कागद आहे तो नीट वाचा. आपल्याकडं पंचांसमोर, स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून नोटरीचा शिक्का मारायची पद्धत अजून आहे. त्याची कोर्टात नोंद नसते, कारण तो दावा कोर्टात गेलेलाच नसतो. हिंदू जोडप्याचा घटस्फोट अशा कागदानं होत नाही. समाजातली जुनी रूढी असेल तर कायदा तिला मान देतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. अशा कागदावर दुसरं लग्न लावणं जोखमीचं आहे. त्यापेक्षा दोघं तयार असतील तर संमतीचा अर्ज टाकून रीतसर डिक्री घ्यावी.

उलटंही घडतं. बाई आपली पोटगीची नोंद शोधायला जाते आणि कळतं की नवऱ्यानं मागंच एकतर्फी घटस्फोट घेतलाय. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, हिला कधी मिळालीच नाही. इथं दिवस मोजायला लागा. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर हे तीस दिवस तुम्हाला निकाल कळल्यापासून धरतात. म्हणून ज्या दिवशी कळलं ती तारीख लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा. घटस्फोट कायम राहिला तरी, दुसरं लग्न केलेलं नसेल आणि स्वतःचा खर्च भागत नसेल तर पोटगी मागता येते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणं बाई आणि मूल यांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही तसंच. सोलापुरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला तालुका समिती असते. १५१०० या नंबरवर फोन लावला तरी कुणाकडं जायचं ते सांगतात. जाताना लग्नपत्रिका, जुनी नोटीस, वकीलपत्राचा तुकडा, काय असेल ते पिशवीत घेऊन जा. फाटक्या नोटिशीच्या कोपऱ्यावरसुद्धा केस नंबर सापडतो.