ऑक्सिजनलाही मात्रा असते

रुग्णाला धाप लागली की नातेवाइकांची पहिली मागणी ऑक्सिजनची असते आणि तो लावल्यावर दुसरी, ‘जरा वाढवा ना’. 2021 मध्ये कोविडच्या लाटेत सिलिंडरसाठी झालेली वणवण पाहिलेल्या महाराष्ट्रात हे स्वाभाविकच आहे. पण हवेतलाच वायू, जास्त दिल्याने काय बिघडणार, हा समज खरा नाही. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो. त्याचे प्रमाण वाढवून दिले की ते औषध होते, आणि औषधाचा डोस चुकू शकतो. अशा चुकीची किंमत सर्वांत आधी मोजली ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांनी. 1940 च्या दशकात इन्क्युबेटरमध्ये त्यांना भरपूर ऑक्सिजन दिला जाई आणि हजारो बाळांची दृष्टी गेली. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी 1951 मध्ये त्याचा ऑक्सिजनशी असलेला संबंध दाखवून दिला. हृदयविकाराच्या झटक्यातही ऑक्सिजन सरसकट लावण्याची प्रथा कित्येक दशके चालली. स्वीडनमध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तातली ऑक्सिजनची पातळी 90 टक्के किंवा अधिक असलेल्यांना त्याचा काहीच फायदा दिसला नाही. वर्षभरातले मृत्यू ऑक्सिजन दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन्ही गटांत जवळपास सारखेच, पाच टक्क्यांच्या आसपास होते.

सर्वांत जास्त जपावे लागते ते सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराच्या, रुग्णांना. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आकसून रक्त चांगल्या भागाकडे वळवतात. ऑक्सिजनचा मारा झाला की त्या सैलावतात, कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि रुग्ण गुंगीत जातो. घरच्यांना वाटते, आराम पडला, झोप लागली. टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या अशा रुग्णांची पातळी 88 ते 92 टक्क्यांत राखली, तेव्हा मृत्यू लक्षणीय कमी झाले. हा अभ्यास 2010 मधला. यावर कोणी म्हणेल, मग सीओपीडीच्या रुग्णाला ऑक्सिजन न लावलेलाच बरा. मुळीच नाही. पातळी खूप खाली गेली तर जीव त्याहून लवकर जातो. म्हणून द्यायचाच, पण मोजून. ‘एकदा लावला की सवय लागते’ हीसुद्धा भीतीच आहे. रक्तातला ऑक्सिजन कायमच फार कमी असलेल्या सीओपीडीच्या रुग्णांचे आयुष्य रोज पंधरा तास किंवा अधिक ऑक्सिजन घेतल्याने वाढते, हे 1980-81 च्या ब्रिटिश व अमेरिकी चाचण्यांनी दाखवले आहे. त्यांना तो लागतो आजारामुळे.

मोजायचे म्हटले तरी बोटावरच्या ऑक्सिमीटरवर डोळे झाकून विसंबू नये. हात गार असले, नखांना रंग असला तर आकडा चुकतो, आणि सावळ्या-काळ्या त्वचेत तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. शिवाय धाप लागते म्हणजे ऑक्सिजन कमीच असतो असेही नाही. रक्तक्षय, हृदयाचा अशक्तपणा किंवा घबराट यांतही आकडा चांगला असून दम लागतो, तिथे मूळ कारणावरच उपचार हवेत. म्हणून घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणताना डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: मिनिटाला किती लिटर, दिवसाचे किती तास आणि पातळी कितीच्या दरम्यान राखायची. आगीचीही काळजी घ्यावी: ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेले भडकवतो. तो अंथरुणात, कपड्यांत, केसांत काही वेळ साठून राहतो. म्हणून त्या खोलीत विडी, उदबत्ती, निरांजन नको, सिलिंडरच्या झडपेला तेल-ग्रीस लावू नये आणि नळी काढल्याबरोबर गॅसच्या शेगडीजवळ जाऊ नये.